आधी श्वास, मग चाफेकळी

नाकाचं ऑपरेशन झाल्यावर साधारण सातव्या दिवशी वरचं प्लास्टर निघतं. हातात आरसा येतो आणि पुष्कळ जण गप्प होतात. समोर दिसणारं नाक जुनं नसतं, आणि ऑपरेशनपूर्वी कॉम्प्युटरवर दाखवलेलंही नसतं. ते सुजलेलं असतं, शेंडा वर ओढल्यासारखा दिसतो, कातडी तेलकट झालेली असते. वरचा ओठ ताठरलेला, त्यामुळे हसूही अर्धवट उमटतं. ज्या नाकासाठी पैसे मोजले ते यायला अजून वर्ष लागणार असतं. कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. मोतीबिंदू काढला की दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं. इथे सर्जनचं काम दोन-तीन तासांत उरकतं आणि पुढचे कित्येक महिने कातडी, सूज आणि आतले व्रण आपापलं काम करत राहतात. त्यांच्यावर सर्जनचा ताबा थोडा आणि आपला त्याहून थोडा.

म्हणून आधी नाक बांधलेलं कसं असतं ते पाहू. भुवयांच्या मधून बोट खाली आणलं की वरचा तिसरा हिस्सा कडक लागतो, ते हाड. त्याखाली जे हलतं ती कूर्चा, कानाच्या वरच्या भागात असते तशी लवचीक. आत मधोमध पडदा. तो पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. सगळा डोलारा तोलणारा खांब हाच. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. त्यातलं हाड बहुतेक वेळा वाढलेलं नसतं. पडदा एका बाजूला कललेला असतो, नाहीतर आतल्या भिंतींवरच्या मांसल घड्या ॲलर्जीने सुजलेल्या असतात. हा पडदा सरळ करणं म्हणजे सेप्टोप्लास्टी. तिने बाहेरचं रूप सहसा बदलत नाही. बाहेरचा आकार बदलणं ही ऱ्हायनोप्लास्टी. दोन्ही एकाच वेळी करता येतात आणि नाक वाकडं असेल तर बऱ्याचदा कराव्याच लागतात, कारण कललेल्या खांबावर सरळ छप्पर बसत नाही.

आत जाणाऱ्या हवेला सगळ्यात अरुंद वाट लागते ती नाकपुडीच्या जरा वर, पडदा आणि बाजूची कूर्चा जिथे भेटतात तिथे. तो कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा. नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा तासला की बाजूच्या कूर्चेचा आधार जाऊ शकतो आणि ती आत बसते. मग नाक मधोमध चिमटीत धरल्यासारखं दिसतं आणि जोरात श्वास घेतला की बाजू आत ओढल्या जातात. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत छोटंसं, वर वळलेलं नाक फॅशनमध्ये होतं. सर्जन सढळ हाताने कूर्चा काढत. नाकं फोटोत सुरेख दिसली, पण त्यांतली बरीच पुढे खचली. १९८४ साली जॅक शीन या अमेरिकन सर्जनने पडद्याच्या दोन्ही अंगांना कूर्चेच्या आगकाडीसारख्या पट्ट्या बसवून हा कोन उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून या शस्त्रक्रियेचा कल काढण्याकडून बांधण्याकडे वळला. अलीकडे ‘प्रिझर्वेशन’ नावाने जे ऐकू येतं त्यात तर वरचा उंचवटा न तासता खालच्या पडद्याची पट्टी काढून सगळं छप्परच अलगद खाली बसवतात. कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे, नाव नवं. ती प्रत्येक नाकाला चालत नाही.

यातून पहिल्या भेटीची एक कसोटी मिळते. डॉक्टरांनी नाकात प्रकाश टाकून पाहिलं का? ॲलर्जी, घोरणं, जुनी दुखापत, कुठली नाकपुडी चोंदते, हे विचारलं का? गाल हलकेच बाजूला ओढून ‘आता मोकळं वाटतं का’ हे तपासलं का? यातलं काहीच न करता कोणी थेट फोटोवर नाक बारीक करून दाखवायला बसलं तर मी तिथून उठेन. माझं मत कडक वाटेल, पण जे नाक सुंदर दिसतं आणि रात्री तोंडाने श्वास घ्यायला लावतं, त्याचं कौतुक पहिले सहा महिनेच टिकतं.

दुसरी गोष्ट कातडीची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सर्जन आतला सांगाडा बदलतो; वर पांघरूण तेच राहतं. पांघरूण जाड असेल तर खाली कितीही कोरीव काम केलं तरी वरून अंधूकच दिसणार. शेंड्यावर जाड, तेलकट, मोठ्या रंध्रांची कातडी आपल्याकडे पुष्कळांना असते. अशा नाकाला परदेशी नटीसारखा टोकदार शेंडा हवा असेल तर कूर्चा आणखी काढून तो मिळत नाही. उलट आतला आधार मजबूत करून कातडी ताणावी लागते, म्हणजे नाक थोडं पुढे येतं. नाक लहान करायला गेलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पातळ कातडीचं दुखणं याच्या उलट: खालची जराशी ओबडधोबड कड, किंचित सरकलेली पट्टी, सगळं वर्षभराने वर दिसू लागतं. म्हणून दुसऱ्याच्या नाकाचा फोटो घेऊन जाण्यात फारसा अर्थ नाही. आपल्यासारख्याच कातडीच्या रुग्णांचे, निदान वर्ष उलटल्यानंतरचे फोटो पाहायला मागावेत. तिसऱ्या आठवड्यातले फोटो सगळ्यांचेच छान येतात.

बसक्या नाकाचा दांडा उंच करायचा तर आत काहीतरी भरावं लागतं. पहिली पसंती स्वतःच्या कूर्चेला: पडद्यातली, कानातली, फार लागत असेल तर बरगडीची. बरगडीची कूर्चा भरपूर मिळते, पण ती काळाने वाकू शकते, आणि छातीवर एक छोटा व्रण राहतो. सिलिकॉनचा तयार तुकडा पूर्व आशियात खूप वापरतात. काम झटपट होतं, पण परकी वस्तू ती परकीच. संसर्ग होणं, सरकणं, वर्षांनी कातडी फाडून बाहेर डोकावणं, हे धोके तिच्यासोबत येतात. नाकपुड्या रुंद असतील तर त्यांच्या मुळाशी छोटा छेद घेऊन त्या आत घेतात. तिथला व्रण गालाच्या घडीत लपतो, पण जास्त कापलं गेलं तर भरून काढणं महाकठीण.

‘ओपन की क्लोज्ड’ यावर लोक उगाच फार वेळ घालवतात. ओपनमध्ये दोन नाकपुड्यांच्या मधल्या कातडीवर छोटा छेद येतो आणि सगळं उघडून दिसतं. क्लोज्डमध्ये छेद आतच राहतात. सर्जनचा हात ज्यात बसलेला आहे ती पद्धत चांगली.

आता कारणाकडे येऊ. अपघातात मोडलेलं, जन्मतः फाटलेल्या ओठाबरोबर वाकडं आलेलं, कुष्ठरोगात किंवा कर्करोगात गेलेलं नाक, यांच्याबद्दल वादच नाही. उरतात ती माणसं ज्यांचं नाक चालतं, पण आवडत नाही. ते बदलून घेणं हा त्यांचा हक्क आहे, आणि ‘देवाने दिलेलं’ वगैरे ऐकवणाऱ्यांपैकी मी नाही. फक्त नावड आली कुठून, हे पाहावं. हल्ली ती फोनमधून येते. २०१८ साली बोरिस पास्कओवर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हिशेब मांडून दाखवला: चेहऱ्यापासून १२ इंचांवर धरलेल्या फोनमध्ये नाकाचा पाया ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. दोष भिंगाच्या अंतराचा, आणि त्यासाठी सुरी लावायची नाकाला! दवाखान्यात जाण्याआधी कोणाला तरी पाच-सहा फुटांवरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, फोटो काढायला सांगावं.

काही जणांची गोष्ट याहून अवघड असते. इतरांना धड दिसतही नाही असा दोष त्यांना दिवसभर छळतो. आरसा सुटत नाही, लग्नसमारंभ टाळले जातात, नोकरीच्या मुलाखतीला जाववत नाही. याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, आणि नाक हे त्याचं आवडतं ठिकाण. अशा माणसाला ऑपरेशनने समाधान मिळत नाही. वेदना तिथेच राहते किंवा दुसऱ्या अवयवावर सरकते. त्याला मानसोपचाराची गरज असते आणि त्याचा उपयोगही होतो. ‘तुमचं ऑपरेशन मी करणार नाही’ असं म्हणणारा सर्जन म्हणूनच अनेकदा सगळ्यात भरवशाचा असतो. नवऱ्याच्या, सासूच्या किंवा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांच्या शेऱ्यावरून नाक बदलायला आलेल्या मुलीशी चांगला डॉक्टर एकटीशी बोलतो, आईला बाहेर बसवून.

गंमत अशी, की हे शास्त्र आपल्याकडे जन्मलं ते अगदी वेगळ्या गरजेतून. नाक कापणं ही शिक्षा होती, सूडही होता. मराठीत अब्रू जाण्याला नाक कापलं जाणं म्हणतात ते उगीच नाही. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी उचलून नाक करण्याची कृती आहे: नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, तेवढीच कातडी मोजायची, आणि नवं नाक बसवताना नाकपुड्यांत दोन पोकळ नळ्या ठेवायच्या. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं, ते पुण्याजवळच्या अशाच ऑपरेशनबद्दल. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या लढाईत पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. नाव पारशी वाटतं, पत्र मात्र त्याला मराठा शेतकरी म्हणतं. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने, पत्रात त्याची जात विटा करणाऱ्यांची दिली आहे आणि आपण त्याला कुंभार म्हणून ओळखतो, मेणाचा साचा थोटकावर बसवून पाहिला, तो कपाळावर सपाट करून रेघ आखली, कातडी उचलली, भुवयांमधला देठ तेवढा शाबूत ठेवून खाली वळवली. टाके नाहीत; काताच्या लेपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपातल्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, वाट बुजू नये म्हणून. पंचवीस दिवसांनी देठ कापला. पेशव्यांच्या दरबाराचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीचंही चित्र काढलं. ते पाहून, वाचून, वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये ही ‘हिंदुस्थानी पद्धत’ करून पाहिली आणि युरोपात तिची लाट आली. कपाळाच्या कातडीचं ते तंत्र आजही वापरात आहे, कर्करोगात गेलेल्या नाकांसाठी.

धडधाकट नाकाला हात लावणं हे त्यानंतरचं. १८८७ मध्ये अमेरिकेत जॉन रो आणि १८९८ मध्ये बर्लिनमध्ये जाक जोसेफ यांनी नुसत्या रूपासाठी नाक बदलण्याची वाट घालून दिली. जोसेफकडे येणाऱ्यांत ज्यू पुष्कळ होते, स्वतः जोसेफही ज्यू. नाकावरून ओळखू येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. नाकाचा आकार हा किती सामाजिक मामला आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या लोकांची नाकं मोजली आणि नाकाची रुंदी जसजशी वाढते तसतशी जात खालची होते, असा निष्कर्ष काढला. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात ती मोजमापं पुन्हा तपासली. आणि १९४८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या पुस्तकात नाकांचेच आकडे हाती घेऊन दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे ठरत नाहीत. चाफेकळी नाकाचं कौतुक आणि ‘फताडं’, ‘नकटं’ ही दूषणं अजून आपल्या तोंडात आहेत. सर्जनच्या खुर्चीत बसल्यावर आपल्या मागे कोण कोण उभं आहे, हे एकदा वळून पाहायला हरकत नाही.

तर ठरलंच, असं समजू. मुलींचं नाक साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलांचं त्याहून वर्ष-दोन वर्षांनी पुरतं वाढतं. त्याआधी केवळ रूपासाठी हात लावू नये, आणि अठराच्या आत पालकांची संमती लागते. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी झालेला असावा, किंवा नाकाच्या या कामात मुरलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासून घेता येते. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीवरून काहीच कळत नाही. ऑपरेशन बहुधा पूर्ण भुलेखाली होतं, म्हणून भूलतज्ज्ञ कोण आणि रात्री काही झालं तर तिथे अतिदक्षतेची सोय काय, हेही विचारावं.

तंबाखूबद्दल खोटं बोलू नये. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि नाकाची कातडी जगते ती त्यांच्यावरच. निदान चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर बंद. सिगारेटचं सगळे सांगतात. मिश्री आणि तपकीर मात्र कोणी मोजतच नाही. ‘मी तंबाखू खात नाही हो, फक्त सकाळी मिश्री लावते’ हे वाक्य तपासणीच्या खोलीत नक्की उच्चारावं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या यांनी रक्त जास्त वाहतं. त्या केव्हा थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये.

पैशाचं थोडक्यात. निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो; जन्मजात व्यंग किंवा दुखापत दुरुस्त करण्यावर लागत नाही. आरोग्य विमाही तीच रेघ ओढतो: सौंदर्यासाठी नाही, अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरच्या दुरुस्तीला हो. वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनचा दावा सहसा मान्य होतो, बहुतेक पॉलिसींत ठरावीक काळ थांबल्यावर. दोन्ही एकत्र केलं तर बिलं वेगळी निघायला हवीत. सगळं पडद्याच्या नावावर घालून देतो म्हणणाऱ्याकडून नाक करून घेऊ नये. दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन लागलं तर त्याचा खर्च कोणाचा, हे आधीच लेखी घ्यावं.

‘बिनऑपरेशनची ऱ्हायनोप्लास्टी’ म्हणजे फिलरचं इंजेक्शन. दांड्यावरचा उंचवटा आजूबाजूला भर घालून लपवतात; नाक त्याने लहान होत नाही, आणि परिणाम वर्ष-सव्वा वर्षात विरतो. पार्लरमध्ये पंधरा मिनिटांत होतं म्हणून लोक त्याला फेशियलच्या रांगेत बसवतात. प्रत्यक्षात चेहऱ्यावर फिलरसाठी नाकाइतकी धोक्याची जागा थोडीच. इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेल चुकीच्या नलिकेत गेलं तर कातडी काळी पडून झडते, क्वचित दृष्टी कायमची जाते. हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध असतं, पण ते हाताशी हवं आणि मिनिटांत वापरायला हवं. आधी फिलर घेतलं असेल तर सर्जनला जरूर सांगावं.

नंतरचे दिवस दुखण्यापेक्षा कोंडल्यासारखे जातात. डोळ्यांखालचं काळंनिळं दहा ते चौदा दिवसांत ओसरतं. डोकं उंच ठेवून झोपायचं, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. योग करणाऱ्यांनी जलनेती आणि कपालभाती डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत विसरावी. चष्म्याचा भार महिना-दीड महिना दांड्यावर नको. तोवर लेन्स, किंवा चष्मा चिकटपट्टीने कपाळाला अडकवायचा. कबड्डी, फुटबॉल, दीड-दोन महिने बंद, आणि घरात लहान मूल असेल तर ते कडेवर घेताना त्याच्या डोक्यापासून सांभाळावं, हे कुठल्याच पत्रकात नसतं. शेंडा काही महिने बधिर राहतो. लग्न दोन महिन्यांवर आलं असताना ऑपरेशन करून घेणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात. अल्बममधलं नाक मग सुजलेल्या दिवसांचंच राहतं. मध्ये निदान सहा महिने असावेत. नाकपुड्या आत घेतल्या असतील तर नथीचं भोक नव्याने टोचायची घाई नको, आणि चापाची नथसुद्धा ताज्या व्रणावर दाब देते. किती महिने थांबायचं ते विचारून घ्यावं.

आणि बिघडलं तर? रक्तस्राव, संसर्ग, पडद्याला भोक, शेंड्याच्या वर पोपटाच्या चोचीसारखा फुगवटा, एका बाजूची चोंदलेली नाकपुडी, यांपैकी काहीही चांगल्या हातूनही होऊ शकतं. साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांना दुरुस्तीचं ऑपरेशन लागतं असं धरतात. ते वर्षभराच्या आत सहसा करत नाहीत, कारण आत काय स्थिरावलंय हे तोवर कोणालाच नीट कळत नाही. दुसऱ्या खेपेला कातडीखाली व्रण असतात, पडद्यातली कूर्चा पहिल्याच वेळी वापरलेली असते, म्हणून बऱ्याचदा बरगडीकडे जावं लागतं. पहिल्या ऑपरेशनची टिपणं, कुठून किती कूर्चा घेतली, आत काय ठेवलं, याची प्रत डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावी. दुसरा सर्जन सगळ्यात आधी तीच विचारतो.